रेडिएटरमधली आंबील

गाडी चार बोटं खाली घ्यायची, एवढंच मी ठरवलं होतं. चारच बोटं. त्या चार बोटांपायी पुढं चाळीस बायकांना रस्त्यावर उभं राहावं लागेल, हे त्या वेळी मला कुणी सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं. (तसं मी कधीच ऐकत नाही, असं आमच्या घरात सर्वानुमते ठरलेलं आहे.)

त्र्याहत्तर सालचा उन्हाळा. नळदुर्गला आठवड्यातून दोनदा पाण्याचा टँकर यायचा आणि मी तिथल्या एका सोसायटीत कारकून होतो. चेअरमन आण्णासाहेबांनी नवी जीप घेतली, तेव्हा त्यांची जुनी गाडी सोसायटीच्या गोदामात येऊन पडली. चार दारांची, विलायती, कधीकाळी हैदराबादच्या कुण्या जहागीरदारानं शर्यतीत पळवलेली. (कंपनीचं नाव सांगत नाही. पुढं जे झालं त्यात कंपनीचा काडीचा दोष नव्हता.) त्या वर्षी रेशनवर मिलो यायचा, म्हणजे अमेरिकेतली तांबडी ज्वारी. त्याची पोती ठेवायला जागा हवी होती, म्हणून आण्णासाहेब एक दिवस म्हणाले, "कारकून, ही गाडी तुम्हीच घेऊन जा. आतल्या कोंबड्या तेवढ्या इथंच सोडा."

आता गाडी आली म्हटल्यावर ती आहे तशी ठेवीन तो मी कसला! न्हाव्याच्या दुकानात एका इंग्रजी मासिकात मी शर्यतीच्या गाडीचं चित्र पाहिलं होतं. ती गाडी जमिनीला पोट लावून बसली होती. माझ्या गाडीचं पोट चांगलं वीतभर उंच होतं. वेगातला सगळा फरक तिथंच आहे, हे मी दाढी होईपर्यंत ताडलं.

रविवारी सकाळी दारातच जॅक लावला आणि चाकांवरच्या स्प्रिंगचे पाटे सोडवायला बसलो. प्रत्येक चाकाचे दोन-दोन पाटे काढून अंगणात रचले. आमची उमा, म्हणजे उमाबाई, उंबऱ्यात उभी राहून बघत होती.

"अहो, हे काढलेलं परत कुठं बसवायचं?"

"कुठंच नाही. हे जास्तीचं आहे."

"मग करणाऱ्यानं घातलं कशाला?"

बायकोला तांत्रिक गोष्टी समजावून सांगता येत नाहीत. (विशेषतः आपल्याला त्या ठाऊक नसल्या की.) मी पाना हातात घेऊन गंभीर चेहरा केला.

उमाला मात्र गाडीत रस नव्हता. तिचं चित्त दुसऱ्या दिवसाकडं होतं. सोमवारी अकरा वाजता उस्मानाबादला जिल्हा परिषदेत तिची शिक्षिकेच्या जागेसाठी मुलाखत होती. तिच्या माहेरच्या वाडीत मॅट्रिक झालेली ती पहिलीच मुलगी. पुढं डी.एड.ही केलं. मागच्या वर्षीची मुलाखत एस.टी. चुकल्यामुळं हुकली, आणि पुढच्या वर्षी तिचं वय अटीत बसणार नव्हतं. म्हणजे उद्या नाही तर कधीच नाही. ती म्हणत होती, आठच्या एस.टी.नं जाऊ. मी म्हणालो, "घरात शर्यतीची गाडी असताना?"

संध्याकाळी गाडी पळवून बघायला हायवेवर काढली. दुष्काळी कामाची खडी रस्त्यावर सांडली होती. एरवी गाडी वरून निघून गेली असती, पण मी तिला चार बोटं खाली घेतली होती ना! खाली काहीतरी खणकन वाजलं आणि घरी येईपर्यंत रेडिएटरमधून पाण्याचे थेंब पडायला लागले.

हायवेवर महांतप्पा मिस्त्री ट्रक दुरुस्त करायचा. त्यानं वाकून पाहिलं, मग आणखी वाकून पाहिलं.

"अय्यो, हिला खड्ड्यात कुणी बसवलं?"

"ती तशीच असते. गळतंय त्याचं बोला."

"कथलाचा डाग द्यायला दोन दिवस लागतील बघा. तवर चमचाभर हळद टाका आत. फुगून भोक बुजतं. सगळे ड्रायव्हर हेच करत्यात."

घरी येऊन पाहतो तर हळदीचा डबा तळाला गेलेला. पण मी हार मानणाऱ्यातला नाही. हळद म्हणजे तरी काय, शेवटी पीठच. आणि फुगण्यात मिलोचा हात कोण धरणार? त्याची एक भाकरी खाल्ली की माणूस दिवसभर फुगलेला असायचा. मिलोच्या पिठाचा डबा भरलेला होता. चमचाभर हळदीला पीठ किती, याचा हिशोब जमेना, म्हणून खात्रीसाठी मोठ्या दोन ओंजळी टाकल्या.

वरून पाणी हवं होतं. घरात दोन घागरी शिल्लक होत्या. एक पिण्याची, दुसरी उमानं मुलाखतीआधी केस धुवायला जपून ठेवलेली. तिनं एकदा घागरीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं पाहिलं आणि घागर उचलून दिली. थेंब तात्काळ थांबले. मी महांतप्पाच्या पुढं एक पाऊल गेलो होतो.

सोमवारी निघालो. उमा पांढऱ्याशुभ्र इस्त्रीच्या पातळात, मांडीवर सर्टिफिकिटांची पिशवी. गावाबाहेर पडतो तोच पुढं आठची एस.टी. दिसली. मी हॉर्न वाजवत तिला मागं टाकली आणि उमाकडं बघून भुवई उडवली. (आयुष्यात मी ओलांडलेलं हे पहिलं आणि शेवटचं वाहन.)

सात-आठ मैल गाडी सुरेख पळाली. मग उमानं नाक वर केलं.

"अहो, कुठंतरी आंबील शिजतीय."

"या माळावर कोण शिजवणार?"

"लई जवळ शिजतीय."

तेवढ्यात बॉनेटमधून वाफ निघाली. गाडीनं दोन आचके दिले आणि ती बसली. मी उतरलो, रुमालानं रेडिएटरचं झाकण धरलं आणि फिरवलं. आतून तांबडी, घट्ट, छान शिजलेली आंबील पुरुषभर उंच उडाली आणि माझ्या डोक्यावर, मिशीवर, शर्टावर उतरली. उमा आत होती, पातळ वाचलं. देवाचे तेवढे आभार मी जागच्या जागी मानले.

रस्त्याकडेला दुष्काळी कामावर चाळीसेक बायका खडी फोडत होत्या. त्यांचे हातोडे थांबले. एक म्हातारी, नागूबाई तिचं नाव, पदर खोचत पुढं आली. माझ्या खांद्यावरचा गोळा तिनं बोटावर घेऊन हुंगला.

"मिलो हाय की गं! दादा, मीठ न्हाय घातलं व्हय?"

चाळीस बायका हसल्या. मीही हसलो असतो, पण मिशी चिकटली होती. तेवढ्यात नागूबाईचं लक्ष उमाकडं गेलं. उमा रस्त्याच्या कडेला पिशवी छातीशी धरून उभी होती आणि रडायचं नाही असं ठरवून रडत होती.

"काय झालं गं माय? कुठं निघालीस?"

उमानं सांगितलं. नागूबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि ती मागं वळून ओरडली, "आणा गं ती मडकी!"

बाभळीखाली त्यांच्या पिण्याच्या पाण्याची तीन मडकी होती. दिवसभराचं पाणी, चाळीस जणींचं. उमा म्हणाली, "नको हो आजी, तुम्ही काय प्याल?" नागूबाई म्हणाली, "आमी पिऊ कायतरी. तू मास्तरीण हो." दोन मडकी त्यांनी माझ्या रेडिएटरवर रिकामी केली. पाणी वरच्या वर वाहून मातीत गेलं. आंबील जागची हलली नाही. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. तिसरं मडकं मी दोन्ही हातांनी धरून परत ठेवायला लावलं.

आणि गावोगाव थांबत मागून तीच आठची एस.टी. आली. दारापर्यंत भरलेली. असल्या माळावर ती थांबत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि अकराच्या आत पोचणारी तीच शेवटची होती. मी हात केला. ड्रायव्हरनं मला ओळखलं आणि माझ्यासारखीच भुवई उडवली.

"उठा गं!" नागूबाई म्हणाली.

चाळीस बायका हातोडे, घमेली घेऊन रस्त्यावर आडव्या उभ्या राहिल्या. एस.टी.चा करकचून ब्रेक लागला. कंडक्टर दारातून ओरडला, "बाजूला व्हा! इथं स्टॉप न्हाय. गाडी फुल हाय!"

"मग ऱ्हाऊ दे उभी," नागूबाई म्हणाली. "आमाला काय घाई न्हाय. दिवसभर ह्या रस्त्यावरच बसायची हजेरी हाय आमाला."

कंडक्टरनं चाळीस हातोडे पाहिले आणि उमाला आत घेतलं. मी पण पायरीवर पाय ठेवला. त्यानं माझा शर्ट पाहिला.

"एकच जागा हाय."

"जा माय तू," नागूबाई परस्पर उमाला म्हणाली. "ह्ये ऱ्हात्यात हितंच."

राहिलो. दुपारपर्यंत रेडिएटरमध्ये काडी घालून बसलो, मग नुसतं बसायची लाज वाटली म्हणून हातोडा घेतला. पहिल्याच घावात अंगठा ठेचला. जेवायच्या वेळी नागूबाईनं स्वतःची अर्धी भाकरी आणि वर ठेचा माझ्या हातावर ठेवला. उरलेल्या मडक्यातलं पाणी त्यांनी वाटीवाटीनं वाटून घेतलं, त्यात एक वाटी मलाही दिली. लग्नाकार्यात मी बरीच सरबतं प्यालोय, पण त्या वाटीची सर कशाला नाही. मी धीर करून विचारलं, "गाडीसाठी एक वाटी..."

"गाडीला न्हाय," ती म्हणाली. "पोरीची नोकरी हुती म्हून दिलं. तुमची गाडी कुठं मास्तरीण व्हनार हाय?"

दिवस कलताना उस्मानाबादकडून एस.टी. आली आणि कुणी आडवं न जाता थांबली. उमा उतरली ती थेट नागूबाईच्या पाया पडली. "आजी, झालं! माझं नाव लिहून घेतलं." बायकांनी तिला गराडा घातला. नागूबाईनं तिच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. माझे डोळे भरून आले. (ठेच्याचा हात डोळ्याला लागला होता, असं मी सांगितलं.) त्या बायकांचे उपकार कसे फेडायचे, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

गर्दी पांगल्यावर मी विचारलं, "काय काय विचारलं गं?"

"एकच विचारलं. एखाद्या आडगावची शाळा दिली तर जाल का? बाकीच्या बायकांचे नवरे संगं आले होते. बायकोनं तोंड उघडायच्या आधी तेच बोलायचे, 'छे छे, ती एकटी कशी जाईल?' साहेब वैतागले होते. मी एकटीच. म्हटलं, जाईन. साहेब म्हणाले, झालं तुमचं काम."

मी ठेचलेल्या अंगठ्यावर फुंकर घातली आणि छाती पुढं काढली.

"म्हणजे उमा, नोकरी माझ्या गाडीमुळंच मिळाली म्हण की!"

"तर हो," उमा म्हणाली, आणि तिनं गाडीच्या बॉनेटला हात जोडून मनोभावे नमस्कार केला. "तिनंच तुम्हाला वाटेत उतरवलं."