दोन तास मागे चालणारी गाडी

ही एकोणीसशे त्र्याहत्तरची गोष्ट. नर्सबाईंची गाडी चालवण्याची तिसरी परीक्षा उद्यावर आली होती आणि त्यांचे यजमान, ज्यांना सगळे घड्याळजी म्हणत, गाडीखाली उताणे पडले होते.

आधीच्या दोन्ही परीक्षांत नर्सबाई नापास झाल्या, त्यात त्यांचा दोष थोडा आणि गाडीचा जास्त होता. नव्या सुनेचं मन माहेराकडे धावावं, तशी ती जुनी निळी गाडी सारखी डावीकडे ओढायची. पण या वेळी पास व्हायलाच हवं होतं. दवाखान्यात फिरत्या नर्सची जागा निघाली होती. बाळंतिणींच्या घरोघरी स्वतः गाडी चालवत जायचं, डोक्यावर कुणी नाही. बारा वर्षं वॉर्डात मेट्रनची बोलणी खाल्लेल्या बाईला आणखी काय हवं? अट एकच होती, शनिवारच्या आत लायसन्स दाखवायचं. नाहीतर जागा दुसरीला.

गाडीच्या मेस्त्रीला नेमकी गालफुगी झाली होती. त्याने अंथरुणातूनच निदान केलं. पुढची चाकं वळवणाऱ्या दांड्याचं टोक झिजलंय, ते बदला. नवं टोक घड्याळजींच्या हातात देऊन, बोलता येईना म्हणून त्याने कागदावर लिहिलं : 'जुनं सोडवताना आटे मोजा. जेवढे बाहेर, तेवढेच आत.'

"एवढंच ना?" घड्याळजी म्हणाले. "शेवटी यंत्र ते यंत्र. हे जरा मोठं घड्याळ म्हणायचं."

मोजायला त्यांनी आईला बसवलं. सासूबाई पायरीवर स्वेटर विणत होत्या.

"आई, मी 'फिरला' म्हटलं की एक धर."

"धरते. मला काय, तोंडाने मोजायचं, हाताने विणायचं."

"फिरला!... फिरला!... फिरला!"

टोक गळून हातात आलं. घड्याळजी चेहऱ्यावर ग्रीस घेऊन बाहेर आले. "किती?"

"सतरा आणि एकवीस."

"दोन आकडे कसे?"

"एक आटे, एक टाके."

"कुठलं कुठलं?"

सासूबाई थबकल्या. स्वेटर उलटासुलटा करून त्यांनी पाहिला. "ती ओळ चुकली म्हणून मी आत्ताच उसवली रे."

नर्सबाईंनी कपाळाला हात लावला. घड्याळजींनी मात्र तर्क लढवला. "आई, बाही कुणाची विणतेयस?"

"तुझीच."

"झालं तर! माझं मनगट एवढंसं. टाके सतराच. म्हणजे आटे एकवीस."

"काडीच्या मनगटाला सतराही जास्तच," असं म्हणून सासूबाईंनी दुजोरा दिला, आणि एकवीस आटे आत गेले. वरून घड्याळजींनी नट असा आवळला की पाना सटकून त्याचे कोपरे गोल झाले. आता तो ना पुढे जाईना, ना मागे.

नर्सबाई गाडीत बसल्या. स्टिअरिंग सरळ धरलं आणि गाडी सरळ उजवीकडे निघाली, ती शेजारच्या कुंपणाला विचारून परत आली.

"डावी ओढ गेली की नाही?" घड्याळजी म्हणाले.

"अहो, गेली ना. उजवी लागली!"

सासूबाईंनी पुढून वाकून चाकांकडे पाहिलं. "रुसल्यासारखी तोंडं फिरवून बसलीत रे दोघं. तुझं लग्न नवं होतं तेव्हा तुम्ही बसायचात तशी."

आता घड्याळजींचा खरा हुन्नर कामाला आला. ते शेजारी बसले, स्टिअरिंग हळूहळू डावीकडे वळवून घेतलं आणि एका जागी गाडी नाकासमोर चालू लागली. त्यांनी डोळे बारीक केले. "हे बघ, स्टिअरिंगवरची खूण बारावर असायची, ती आता दहावर आलीय. गाडी बिघडलेली नाही, दोन तास मागे आहे. सगळं दोन तास मागे धर."

"म्हणजे हात दहा आणि दोनवर ठेवायचे ते..."

"आठ आणि बारावर!"

हसावं की रडावं ते न कळून नर्सबाईंनी चालवायला घेतलं. अंगणात, गल्लीत, मैदानाभोवती, दिवस मावळेपर्यंत. घड्याळजी शेजारून ओरडत, "अगं, अकरा कशाला वाजवतेस? दहा, दहा!" संध्याकाळी हात असे बसले, की चहाचा कपही त्यांनी वाकडाच धरला.

दुसऱ्या दिवशी परीक्षेला जे साहेब आले, त्यांच्या मिशासुद्धा नियमाने कातरलेल्या होत्या. नर्सबाईंनी गाडी काढली, वळवली, चढावर थांबवली, मागे घेतली. एक चूक नाही. साहेबांनी वहीतून मान वर केली आणि त्यांची नजर स्टिअरिंगवर खिळली.

"बाई, हे वाकडं का धरलंय?"

"सरळ जायचंय ना, साहेब."

"सरळ जायला सरळ धरतात. सरळ धरा."

"सरळ धरलं तर वाकडी जाईल."

"बाई, दहा वर्षं मी परीक्षा घेतोय. सरळ धरा म्हणतो ना!"

एक क्षण नर्सबाईंना शनिवार दिसला, मेट्रन दिसली. हो म्हणावं तर गाडी जाऊन आदळणार, नाही म्हणावं तर साहेब नापास करणार. पण बाळंतीण कितीही ओरडली तरी जिचा हात कापत नाही, तिचा साहेबापुढे का कापावा? त्यांनी हाताने इशारा केला, गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि दार उघडलं.

"मला येत नाही, साहेब. तुम्ही दाखवा."

साहेब ऐटीत स्टिअरिंगमागे बसले, नर्सबाई शेजारी. साहेबांनी खूण बारावर आणली, गिअर टाकला, आणि वीस पावलांवरच्या मेंदीच्या कुंपणात गाडी नाक खुपसून उभी राहिली. रांगेतल्या उमेदवारांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांची टोपी मेंदीच्या आत, आणि कपाळावर एक ओरखडा.

नर्सबाईंनी पिशवी उघडली, ओरखडा पुसला, पट्टी लावली. "साहेब, आता मी घेऊ?"

साहेबांनी उतरून जागा दिली. नर्सबाईंनी खूण दहावर धरली आणि पट्टीने आखावी तशी गाडी कुंपणातून मागे घेऊन आपल्या जागी नेऊन लावली. साहेबांनी वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं. बाहेर उभ्या घड्याळजींनी चोरून वाचलं : 'वाहन कसेही असो, चालकाचा ताबा उत्तम. पास.' शुक्रवारी दुपारी लायसन्स मेट्रनच्या टेबलावर होतं.

पुढे मेस्त्रीची गालफुगी उतरली आणि त्याने सतरा आट्यांवर चाकं नीट लावून दिली. पण नर्सबाईंना ती गाडी चालवता येईना. शेवटी मेस्त्रीने फक्त स्टिअरिंग काढून पुन्हा वाकडं बसवलं. "आयुष्यात पहिल्यांदा चांगलं काम बिघडवलं," म्हणत तो बरीच वर्षं ते सांगत फिरायचा. घड्याळजींनी परत कधी पाना हातात धरला नाही. सासूबाईंनी स्वेटर पुरा केला. बाही एकवीस टाक्यांची निघाली, त्यात घड्याळजींचे दोन्ही हात मावत. सासूबाई त्र्याऐंशी वर्षांच्या होऊन गेल्या.

नर्सबाईंनी निळ्या गाडीतून अकराशेच्या वर बाळंतपणं गाठली. एकोणीस वर्षांनी दवाखान्याने त्यांना सरकारी नवी कोरी गाडी दिली, तेव्हा त्यांनी रीतसर अर्ज केला : 'स्टिअरिंग वाकडे करून मिळावे, ही विनंती.' अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरला. बाईंना विश्रांतीची गरज आहे, असाही शेरा एकाने मारला. फिरत फिरत तो वाहन खात्याच्या सर्वांत मोठ्या साहेबांकडे पोचला. मिशा पिकल्या होत्या, पण अजून नियमानेच कातरलेल्या होत्या. त्यांनी कपाळावरून एकदा बोट फिरवलं आणि लिहिलं : 'मंजूर. कारण विचारू नये.'