अंबादासरावांचे चार पेले

अंबादासरावांकडे चहा घ्यायचा असेल तर आधी पेल्याचा वास घ्यावा लागतो. आल्याचा किंवा वेलदोड्याचा वास आला तर खुशाल प्यावा. पेट्रोलचा आला तर पेला खाली ठेवावा आणि गुपचूप वहिनींकडे बघावं. वहिनी जीभ चावतात, "अगं बया, तीन नंबरचा आला का!" म्हणतात आणि दुसरा पेला आणतात. मी शेजारीच राहतो, त्यामुळे गेल्या वर्षभरात या घरचा चहा पुष्कळदा प्यालोय. त्यात दोनदा वास घ्यायचा विसरलोय.

हे चार पेले म्हणजे अंबादासरावांची प्रयोगशाळा. स्टीलचे, एका मापाचे, बुडाशी खिळ्याने एक ते चार आकडे ठोकलेले. अंबादासराव ठिबकचे फिटर. आमच्या कुंभार पिंपळगावच्या शिवारात मोसंबीच्या बागा आहेत, आणि त्यातल्या निम्म्या बागांतली नळी यांनी अंथरलेली आहे. नळी अंथरली, मोटर चालू केली, पहिल्या झाडाला पाणी ठिबकलं की बाकीचे फिटर हात धुऊन मोकळे होतात. अंबादासराव चार पेले घेऊन बागेच्या पार टोकाला जातात, शेवटच्या चार ड्रिपरखाली एकेक मांडतात आणि मनगटावरच्या घड्याळात बघत उकिडवे बसतात. वेळ भरली की पेले एका रांगेत ठेवून पाणी बघायचं. एखादा जरा कमी भरला तरी यांचा जेवणाचा डबा उघडत नाही. बागेचा मालक म्हणतो, "जाऊ द्या ना, बोटभर तर कमी हाये." अंबादासराव म्हणतात, "मला नका सांगू. शेवटच्या झाडाला इचारा."

हे त्यांनी बागेपुरतं ठेवलं असतं तर बरं झालं असतं. लग्नात पंगत बसली की हा माणूस पंगतीच्या शेवटी जाऊन उभा राहतो आणि वाढप्यांना माघारी धाडतो. "भज्याची परात मधीच आटली. जल्दी जा, शेवटचे चौघं कोरडेच हायेत." आमच्या शाळेत पालकसभा झाली. मी तासभर बोललो आणि माझ्या मते चांगलं बोललो. शाळेचा नळ दुरुस्त करायला आलेले अंबादासराव मागे उभे होते, सभा संपल्यावर ते पुढे आले. "सर, बोलले झकास तुम्ही. पर मागच्या रांगेतले दोघं झोपले होते. प्रेशर कमी पडून राह्यलं." मुख्याध्यापक अजून मला कधीमधी प्रेशरची आठवण करून देतात.

अशा माणसाच्या शेडमध्ये टर्बो लावलेली गाडी आली ती त्यांच्या मुलामुळे. सुदर्शन पुण्याला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात कामाला आहे. त्याने एक जुनी पेट्रोलची गाडी घेतली आणि तिला भंगारातून आणलेला टर्बो बसवला. पुण्यात एका खोलीत राहणाऱ्याला हे उद्योग करायला जागा नाही, म्हणून गाडी आमच्या गावी, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. टर्बो म्हणजे काय, हे मला अंबादासरावांनीच समजावलं. "हवा कोंबायचा पंखा, सर. इंजिन सोताहून जेवढा दम घेतं त्याच्या दीडपट त्याच्या नाकात कोंबायचा."

हवा दीडपट गेली तर पेट्रोलही दीडपट लागतं, आणि ते पोचत नव्हतं. सपाट रस्त्यावर गाडी शहाण्यासारखी चालायची. तिसऱ्या गियरमध्ये चढाला लागली, टर्बोने शिट्टी मारली की खोकायची, आचके द्यायची आणि मागे पडायची. तसंच रेटत राहिलं तर पिस्टन जळून इंजिन कायमचं बसेल, असं सुदर्शन म्हणत होता. तेव्हा ठरलं ते असं: घनसावंगीच्या रस्त्यावरचा चढ गाडी न खोकता चढली की पुण्याला न्यायची, तोवर नाही. तोवर सुदर्शन शुक्रवारी रात्रीच्या बसला बसून शनिवारी सकाळी गावात उतरायचा, दोन दिवस शेडमध्ये घालवायचा आणि रविवारी परत जायचा. एरवी हा मुलगा दिवाळीला आणि पोळ्याला दिसायचा.

पहिल्याच शनिवारी अंबादासराव गाडीभोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "म्हंजी मोटर बसवली पाच हॉर्सपॉवरची आन पाईप ठेवला अर्ध्या इंचाचा. हिचं पोट भरल्याबिगर मी बिलकुल सोडत नसतो."

आता मौज अशी की अंबादासरावांना गाडी चालवता येत नाही. मोटारसायकलही येत नाही. नळीची भेंडोळी सायकलला बांधून ते तीस वर्षं शिवार पालथं घालताहेत. त्यामुळे मधल्या दिवसांत गाडी चढावर नेऊन बघायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझ्याकडे परवाना आहे आणि मला नाही म्हणता येत नाही. मी स्टिअरिंग धरून देवाचं नाव घ्यायचो. ते शेजारी डोळे मिटून, मान तिरकी करून इंजिन ऐकायचे. "दाबा सर, दाबा. भिऊ नका. आजारी माणूस खोकल्याबिगर वैद्याला कसं कळंल?"

बापलेकांनी आधी टाकीतला पंप बदलून मोठा टाकला. मग टाकीपासून इंजिनापर्यंतची नळी जाड केली. मग पेट्रोल फवारणारे चार इंजेक्टर मोठे आणले, आणि ते बघून अंबादासरावांचा चेहरा उजळला. "अरे, हे तर ड्रिपरच हायेत!" ते तडक स्वयंपाकघरात गेले. चार इंजेक्टरांखाली चार पेले मांडले गेले. सुदर्शनने पंप चालू केला, अंबादासराव घड्याळात बघत उकिडवे बसले आणि अर्ध्या मिनिटाने ओरडले, "बंद!" पेले रांगेत ठेवले. चौथा बोटभर कमी. "बघ! चौथं झाड उपाशी हाये. मी म्हणलो नव्हतो?" त्यांनी असं काहीच म्हटलं नव्हतं, पण आनंद एवढा होता की मुलाने मान डोलावली. चौथा इंजेक्टर साफ केला, पुन्हा मोजलं, पेले सारखे भरले. पेले परत स्वयंपाकघरात गेले, आणि वहिनींचा त्रास सुरू झाला तो तेव्हापासून.

मधे एकदा घोळ झाला तो निव्वळ ठिबकवाल्याच्या हातूनच होऊ शकला असता. सुदर्शन पुण्याला असताना एका जोडातून पेट्रोल पाझरताना दिसलं. अंबादासरावांनी खिशातून ठिबकचं रबरी वायसर, म्हणजे वॉशर, काढलं आणि जोडात बसवून टाकलं. त्यांच्या खिशात पैसे नसतील पण वायसर असतं. "तीस वर्सांत माझं वायसर गळालं असं कोणी सांगावं." तीन दिवसांनी, नेमकं आठवडी बाजाराच्या दिवशी, मी गाडी बाहेर काढली आणि कांद्याच्या ढिगांच्या मधोमध ती बंद पडली. हजार माणसांनी हजार सल्ले दिले. एकाने बॅटरी म्हटलं, एकाने नजर लागली म्हटलं. अंबादासरावांनी जोड उघडला. पेट्रोलात ते रबर भिजवलेल्या हरभऱ्यासारखं फुगून वाट अडवून बसलं होतं. दुसरा कुणी असता तर त्याने ते हळूच खिशात टाकलं असतं. यांनी ते दोन बोटांत धरून सगळ्या बाजाराला दाखवलं. "चूक माझी हाये. पाण्यात तीस वर्सं टिकलं, पेट्रोलात तीन दिवस. ध्यानात ठेवा सगळ्यांनी." कांदेवाल्याने ध्यानात ठेवून काय करायचं होतं, कोण जाणे. गाडी ढकलत घरी आणली, आणि अंबादासरावांनी लगेच मुलाला फोन लावला.

त्या फोनविषयी सांगायला हवं. या घरी मुलाचा फोन यायचा तो वहिनींना. शेवटी त्या म्हणायच्या, "थांब, पप्पांना देते." अंबादासराव फोन कानाला लावून म्हणायचे, "काय? बरं हाये ना?" तिकडून "हो" यायचं. "जेवला का?" "हो." मग ते फोन असा परत करायचे की जणू तापलेली वाटी हातात आली होती. आणि आता? वायसर कोणत्या रबराचं असतं, पेट्रोलला कोणतं लागतं, परतीची नळी किती जाड हवी, यावर बापलेक पाऊण तास बोलत होते. भिंतीपलीकडून मला अंबादासरावांचं हसणं ऐकू येत होतं. एवढ्या वर्षांचा शेजार, पण ते असे हसतात हे मला ठाऊक नव्हतं.

पण गाडी खोकायची थांबेना. पंप झाला, नळी झाली, इंजेक्टर झाले, फिल्टर झाला. आधीपेक्षा बरीच पुढे जायची, आणि चढ संपायला शंभर पावलं उरली की आचका. पोळा गेला, गणपती गेले, दसरा गेला. सुदर्शन लॅपटॉप जोडून आकडे बघायचा. उभ्या गाडीवर सगळे आकडे बरोबर, चढावर सगळे चूक. पोरगं वाळून चाललं होतं.

मागच्या शनिवारी मी शेडमध्ये होतो. चढावरून तिसऱ्यांदा परत आल्यावर सुदर्शनने हातातला पाना बादलीत टाकला. खाली बसला आणि म्हणाला, "पप्पा, बास झालं. टर्बो काढून टाकतो. गाडी विकून टाकतो. माझ्याच्यानं न्हाई होत." एवढा मोठा, मिशीवाला माणूस, पण आवाज रडवेला झाला होता.

 अंबादासराव उठले, घरात गेले आणि लोखंडी कपाटातून जाड वायरचं वेटोळं घेऊन आले. "हे बघ. तू पंप मोठा टाकला, पर त्याची वायर जुनीच हाये. बारीक. चढावर पंप जादा करंट मागतो, तव्हा व्होल्टेज पडतं. गावच्या टोकाची मोटर पाणी फेकत न्हाई, तसंच. बॅटरीवरून थेट जाड वायर टाक, मधी फ्यूज टाक." सुदर्शन बघतच राहिला. मी वायरकडे बघत होतो. ती गाडीच्या लांबीएवढी मापाने कापलेली होती आणि दोन्ही टोकांना चिमटे दाबून बसवलेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं निघालो. सुदर्शन चालवायला, अंबादासराव शेजारी, मी मागे. तिसरा गियर, चढ, शिट्टी. मी सवयीने पुढची सीट घट्ट धरली. ती शंभर पावलं आली आणि गेली. गाडी एका दमात वर पोचली. सुदर्शनने गाडी बाजूला घेतली आणि बापाच्या खांद्यावर जोरात थाप मारली. मारल्यावर स्वतःच दचकला, कारण या घरात बापाच्या खांद्यावर कुणी हात टाकत नाही. अंबादासराव म्हणाले, "बराबर हाये," आणि खिडकीबाहेर बघू लागले.

जेवणं झाल्यावर सुदर्शन पुण्याला निघाला. वहिनींनी मागची सीट चटणीच्या बरण्यांनी आणि मोसंबीच्या पिशव्यांनी भरून टाकली. तो पाया पडला तेव्हा अंबादासराव म्हणाले, "टाकी कधी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नको. पंप तापतो." गाडी वळणावरून गेली. वहिनी डोळे पुसत आत गेल्या. आम्ही दोघं ओट्यावर टेकलो.

"ती वायर कधी कापून ठेवली होती?" मी विचारलं.

त्यांनी एकदा वळणाकडे बघून घेतलं. मग म्हणाले, "पोळ्याच्या आठवड्यात. तुम्ही गाडी चालवत होते तव्हा मी वळून मागच्या सीटखाली हात घातला. पंपाची वायर गरम लागली. तव्हाच कळालं."

"आणि दोन महिने सांगितलं नाही?"

"न्हाई." ते हाताच्या नखांतलं काळं काढत होते. "सर, हे पोरगं शिकाया बाहेर गेलं तव्हापासून माझ्याशी बोललंच न्हाई. भांडण न्हाई, काई न्हाई. मला त्याच्या जगातलं काई येत न्हाई, त्याला माझ्या. गाडी बिघडली आन ते मला इचाराया लागलं, पप्पा हे कसं, पप्पा ते कसं. म्हणलं, खोकू द्यावं आजून चार शनवार. त्यात काय मोठं?"

एक ड्रिपर बंद पडला तर ज्याचा डबा उघडत नाही, त्या माणसाने दोन महिने रोज ती वायर कपाटात बघितली असणार. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. माझीही मुलगी बाहेरगावी असते.

"मग काल का सांगितलं?"

"ते म्हणलं ना, माझ्याच्यानं न्हाई होत."  "माझ्या शनवारासाठी लेकराला हरू देऊ का मी? लाज वाटली मला, सर."

 समोर शेडचं दार सताड उघडं होतं आणि आत जमिनीवर तेलाचा एक डाग तेवढा होता. अंबादासरावांनी तिकडून नजर काढून माझ्याकडे बघितलं.

"तुमची स्कूटर कशी काय चालून राह्यली?"

स्कूटर चार दिवसांपूर्वीच सर्व्हिसिंग करून आणली होती. लोण्यासारखी चालत होती.

"कसली चालते," मी म्हणालो. "चढाला लागली की आचके देते. शनिवारी बघता का?"

"आणा," ते म्हणाले. "पर सकाळीच आणा. दिवस जाईल त्यात."