फक्त सूचनांचा ग्रुप

नागपुरातल्या समाधान लेआउट या वसाहतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपची अ‍ॅडमिन झाल्यावर मिनल भोयरनं पहिली सूचना टाकली, ती कचऱ्याच्या गाडीची वेळ बदलल्याची. सूचना टाकून तिनं फोन बाजूला ठेवला आणि भाजीला फोडणी दिली. पुन्हा फोन उघडला तेव्हा सूचना दिसेना. तिच्याखाली वामनराव गावंडे आणि ईश्वरदास धकाते या दोघांनी मिळून इतका मजकूर लिहिला होता, की तो वर सरकवता सरकवता मिनलची भाजी लागली.

वाद जुनाच होता. बेसनाच्या पारीत कोथिंबीर, खोबरं आणि खसखस भरून, घडी घालून जी वडी तळतात, तिला काय म्हणायचं? वामनराव म्हणत, पुडाची वडी. ईश्वरदास म्हणत, सांबारवडी, कारण नागपुरात कोथिंबिरीला सांबारच म्हणतात.

"पुडा म्हटलं त वैद्याचं औषध वाटते," असं ईश्वरदासांनी त्या दिवशी लिहिलं होतं.

"अन् सांबारवडी मागतली त हॉटेलवाला इचारते, संगं इडली देऊ का," असं वामनरावांनी उत्तर दिलं होतं.

त्यावर लेआउटमधल्या प्रत्येकानं आपापलं मत दिलं होतं. कचऱ्याच्या गाडीबद्दल कोणाचंच मत नव्हतं. दुसऱ्या दिवशी गाडी आली आणि कचरा न घेताच गेली.

वामनराव एसटीतून निवृत्त झालेले, काटोलकडचे. ईश्वरदास उमरेडच्या विणकर घरातले. माग केव्हाच बंद पडला होता, आता मुलगा कपड्याचं दुकान बघायचा. दोघांची घरं एकाच रस्त्यावर होती. समोरासमोर आले की दोघंही मान लववून नमस्कार करत आणि न बोलता पुढे जात. भांडण फक्त फोनवर, रोज सकाळी चहाबरोबर सुरू होई.

मिनल मूळची सांगलीची. एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट देण्याचं काम करायची. तिथं एकाच्या रक्ताचा कागद दुसऱ्याच्या हाती गेला तर अनर्थ व्हायचा, त्यामुळे प्रत्येक गोष्ट जागच्या जागी असावी हे तिच्या अंगात मुरलं होतं. शिवाय लग्न होऊन इथं आल्यापासून लेआउटमध्ये तिला सगळे 'जितेंद्रची बायको' म्हणूनच ओळखत. अ‍ॅडमिन झाल्यावर लोक पहिल्यांदा तिला नावानं हाक मारायला लागले होते. ते काम आपल्या हातून नीट व्हावं, असं तिला मनापासून वाटत होतं.

"मी दुसरा ग्रुप काढते," ती नवऱ्याला म्हणाली. "फक्त सूचनांचा. त्यावर मी सोडून कोणीच लिहायचं नाही."

जितेंद्र हिंगण्याच्या कंपनीत जायच्या घाईत होता. "अवं, राहू दे नं. लोकं बोलून राहिले त बोलू दे. कोणाचं काय बिघडते?"

"कचरा बिघडतो," मिनल म्हणाली.

ग्रुप निघाला. त्याचं नाव 'समाधान : फक्त सूचना'. सगळ्यांनी जुन्या ग्रुपवर हात जोडल्याची चित्रं टाकून तिचं अभिनंदन केलं. जुन्या ग्रुपची अ‍ॅडमिनकी मिनलनं वामनरावांकडे दिली, सर्वांचे आभार मानले आणि त्या ग्रुपमधून ती बाहेर पडली. आपल्याला वाद वाचायचाच नाही, तर तिथं थांबायचं कशाला, असा तिचा सरळ विचार होता.

नवा ग्रुप ती फार मन लावून चालवायची. ओला कचरा वेगळा ठेवा. पतंगाचा मांजा झाडावर राहू देऊ नका. कोणाची तरी किल्ली सापडली आहे, ओळख पटवून न्यावी. किल्ली नेली, धन्यवाद. एकही सूचना वाहून जात नव्हती. स्वच्छ, एकाखाली एक, रिपोर्टसारख्या त्या उभ्या होत्या. कोणी काही बोलत नव्हतं, म्हणजे सगळे वाचत होते, असं मिनलला वाटलं.

जानेवारीत एका गुरुवारी तिनं लिहिलं, "जलवाहिनीच्या दुरुस्तीमुळे शनिवारी दिवसभर नळाला पाणी येणार नाही. शुक्रवारीच भरून ठेवावे." दोनदा वाचून, शुद्धलेखन तपासून तिनं ती सूचना टाकली आणि निर्धास्त झाली.

शनिवारी सकाळी जितेंद्र तोंडाला साबण लावून मोरीतून बाहेर आला. "नळ काहून नाही आला?"

"तुम्ही काल टाकी भरली नाही?"

"कोणी सांगतलं होतं?"

"ग्रुपवर टाकलं होतं मी."

साबणामुळे जितेंद्रला डोळे उघडता येत नव्हते, त्यामुळे बायकोकडे न बघता बोलणं त्याला सोपं गेलं. "तो मी म्यूट करून ठेवला आहे," तो म्हणाला. "कंपनीत टिंग टिंग वाजे."

मिनल माठाकडे वळली. पिण्याच्या पाण्यातलं एक तांब्याभर तिनं त्याला तोंड धुवायला दिलं. एवढ्यात फाटक वाजलं. ईश्वरदासांच्या पत्नी तुळजाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून दारात उभ्या होत्या.

"मिनल, तुह्याकडं तरी पाणी आहे का वं?" त्या म्हणाल्या. "आमच्या प्रणालीचं साक्षगंध आहे आज. उमरेडहून पाव्हणे निघाले बी. भाजी चिरून पडली आहे, तांदूळ धुवाचे आहेत, अन् टाकीत थेंब नाही."

प्रणाली त्यांची थोरली नात. तिचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, असल्याचं मिनलला ठाऊकच नव्हतं. आमंत्रण जुन्या ग्रुपवर गेलं होतं, आणि जितेंद्र सांगायला विसरला होता.

"काकू, मी सूचना टाकली होती," मिनलचा आवाज बारीक झाला.

"कुठं?"

"सूचनांच्या ग्रुपवर."

तुळजाबाईंनी पदर सावरला. त्या रागावल्या नाहीत, आणि त्याचंच मिनलला जास्त लागलं. "आमच्याकडं तो कोणी पाह्यत नाही, बाई," त्या म्हणाल्या. "मले वाटलं, तू कचऱ्याचंच लिहित असशील."

मिनलनं टँकरवाल्यांना फोन लावायला सुरुवात केली. एकाचा टँकर वाडीला गोदामाच्या बांधकामावर गेला होता. दुसरा म्हणाला, "संध्याकाळी देतो न मॅडम." तिसऱ्यानं उचललाच नाही. तोवर उमरेडहून निघालेली गाडी अर्ध्या वाटेवर आल्याचा निरोप आला. मिनलनं फोन हातात घेतला आणि सवयीनं सूचनांच्या ग्रुपवर लिहिलं, "धकाते यांच्याकडे कार्यक्रम आहे. कोणाकडे जादा पाणी असल्यास कृपया येथे कळवावे."

पाठवून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की तिथं तिच्याशिवाय कोणालाच काही कळवता येत नाही.

मग तिनं वामनरावांना फोन लावला.

"काका, मला जुन्या ग्रुपवर परत घ्या."

"घेतो न बाई, घेतो. आताच घेतो," वामनराव म्हणाले. त्यांना इतका आनंद झाला, की पुढचं ऐकायच्या आत त्यांनी फोन ठेवून दिला.

मिनल ग्रुपवर आली. फुलं आली, हात जोडलेले आले. तिनं घाईघाईनं लिहिलं, "आज नळ येणार नाही. ईश्वरदासकाकांकडे साक्षगंध आहे. ज्यांच्याकडे पाणी आहे त्यांनी सांगावे." त्याखाली लगेच वैभवचा मजकूर आला. वैभव कोपऱ्यावरच्या खोलीत भाड्यानं राहायचा आणि त्या सकाळी तो अजून अंथरुणातच होता.

"वहिनी, इथला नियम आहे. आल्या आल्या सांगा लागते. पुडाची वडी का सांबारवडी?"

मिनलला वाद घालायचा नव्हता. उत्तर देऊन मोकळं व्हावं आणि लोकांनी पाण्याचं बोलावं, एवढीच तिची इच्छा होती. तिनं खरं ते लिहिलं. "आमच्याकडे कोथिंबीर वडी म्हणतात. कृपया पाण्याचं बघा."



मग वामनरावांनी लिहिलं, "कोथिंबीर वडी वेगळी. ते उकडतेत." ईश्वरदास नातीच्या साक्षगंधाच्या गडबडीत होते, त्यांच्या अंगावर नवा सदरा होता, भटजी ओसरीवर येऊन बसले होते. तरी त्यांनी लिहिलं, "गावंडे बरोबर बोलून राहिले. त्याले खसखस नाही लागत." या दोघांचं कशावर तरी एकमत झाल्याचं लेआउटनं पहिल्यांदाच पाहिलं. जे गप्प होते तेही बोलायला लागले. कोणी सांगलीच्या बाजूनं लिहिलं, कोणी नागपुरी सारणाचा फोटो टाकला, एका बाईंनी आईच्या हातच्या वडीची आठवण बोलून पाठवली. घराघरांत फोन वाजत राहिले. मिनलची पाण्याची विनंती वर, अजून वर, पार दिसेनाशी झाली. तिनं फोन पालथा ठेवला आणि डोळे पुसले.

"आता मी तिथं जाऊन काय तोंड दाखवू?" ती जितेंद्रला म्हणाली.

पण उशिरा फोन उघडणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न पडत होता, की हे कोथिंबीर वडी म्हटलं कोणी? ते शोधायला जो तो वर सरकवत गेला. वर सरकवत गेला की मिनलचं नाव सापडत होतं, आणि तिच्या वडीच्या जरासं वर तिची पाण्याची विनंती होती. सूचनांच्या ग्रुपवर जे कोणी वाचलं नव्हतं, ते सगळ्या लेआउटनं तासाभरात वाचलं.

पहिली कळशी समोरच्या घरातून निघाली. मग एका स्कूटरवर दोन कॅन आले. वैभव अंथरुणातून उठून बादली घेऊन आला. आणि ग्रुपवर वामनरावांनी लिहिलं, "माह्या टाकीत पाणी आहे. लागन तेवढं न्या. कोथिंबीर वडीवाल्यांनी पह्यले यावं."

मिनल दोन बादल्या घेऊन गेली. वामनरावांचं अंगण ती पहिल्यांदाच पाहत होती. गच्चीवर मोठी थोरली टाकी होती आणि तिचा एक नळ खाली अंगणात उतरवला होता. नळाशी रांग लागली होती. वामनराव धोतर खोचून प्रत्येकाची बादली स्वतः भरत होते आणि प्रत्येकाला पुडाची बाजू समजावून सांगत होते. घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या खुर्च्या त्यांनी अंगणात आणून मांडल्या होत्या, पण बसायला कोणाला सवड नव्हती.

"एवढी मोठी टाकी, काका?" मिनलनं विचारलं.

"घर भरलेलं होतं तवाची आहे. आता एकट्या माणसाले कितीक पाणी लागते? महिना महिना भरलेलीच राह्यते." ते बादलीकडे पाहत म्हणाले.

रांग जरा विरळ झाली तेव्हा मिनलला राहवलं नाही. "काका, ईश्वरदासकाका इतके चांगले आहेत. सांबारवडी म्हटलं तर काय बिघडेल?"

वामनरावांनी नळ बंद केला. मागं कोणी नाही हे पाहिलं.

"माही घरवाली, पंचफुला, सांबारवडीच म्हणे," ते हळूच म्हणाले. "जनमभर आमच्या घरी सांबारवडीच झाली. ते गेल्यावर एक दिवस ईश्वरदासनं ग्रुपवर सांबारवडीचा फोटो टाकला. मी लिहिणार होतो, बरोबर आहे. मग वाटलं, बरोबर म्हटलं त तो बी चूप बसन अन् मी बी. म्हणून पुडाची लिहिलं. तवापासून रोज सकाळी त्याचा काही ना काही जबाब येते. उठून पाह्यले काही तरी राह्यते."

मिनलनं बादली उचलली.

"त्याले सांगू नका, बाई," वामनराव म्हणाले.

"नाही सांगणार," ती म्हणाली.

पाहुणे आले तोवर धकात्यांच्या घरातली सगळी पिंपं काठोकाठ भरली होती. साक्षगंध वेळेवर झालं. जेवणाच्या पंगतीत वामनरावांना आणि ईश्वरदासांना शेजारी शेजारी बसवलं गेलं आणि दोघंही अवघडून, एक शब्द न बोलता जेवले. तुळजाबाईंनी मिनलच्या पानात गरम वडी वाढली आणि बाजूच्या पाहुणीला सांगितलं, "हे आमची मिनल. इच्यामुळं पाणी आलं."

सूचनांचा ग्रुप मिनलनं त्याच आठवड्यात बंद केला. ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी एक दिवस विजेच्या तारांचं काम निघालं. मिनलनं जितेंद्रला जेवायला वाढून फोन घेतला आणि विचार करून जुन्या ग्रुपवर लिहिलं, "बुधवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत वीज बंद राहील. टाक्या आधी भरून ठेवाव्यात. आणि वरून रश्शाची तर्री न घालताही पोहे चांगलेच लागतात, असं माझं मत आहे."

जितेंद्रचा फोन वाजला. त्यानं तो वाचला आणि हातातली पोळी ताटात ठेवली. "मिनल, हे तू खरंच म्हणून राहिली? नागपुरात राहून?"

"सूचना वाचली का तुम्ही?"

"वाचली नं. बुधवारी लाइट नाही. पण तर्रीचं काहून असं लिहिलं?"

मिनलनं आपला फोन पुढे ओढला. तिच्या फोनवर वामनरावांचं नाव उमटलं होतं, "भोयर बाई, हे मात्र मले बिलकुल पटलं नाही," आणि त्याखाली, बहुधा वामनरावांना विरोध करायचा म्हणूनच, ईश्वरदासांचं, "त्यायचं मत आहे. पुरं ऐकून त घ्या."

बुधवारी ठरल्या वेळी वीज गेली. समाधान लेआउटमधल्या सगळ्या टाक्या भरलेल्या होत्या, आणि एकूण एक फोन पूर्ण चार्ज केलेले होते.