निरोपाला आलेली पेशी

माझ्या रक्तात फिरणारी कर्करोगाची शेवटची पेशी गुरुवारी दुपारी निरोप घ्यायला घरी आली, आणि आमच्या यजमानांनी सवयीने तिला "बसा की" म्हटलं. ती बसली.

माझा आजार मायलोमा, म्हणजे हाडांच्या आतल्या मज्जेचा. डॉक्टर तांबोळीबाईंनी औषधं देऊन हाडांतलं सगळं बिऱ्हाड उठवलं. त्यांचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. पण शेवटच्या भेटीत त्यांनी बजावलं होतं, "शकूताई, हाडांत बसलेल्या गेल्या. रक्तात फिरणारी एक उरलीय. ती निरोपाला येईल. तिच्याकडून 'जाते' वदवून घ्या. 'येते' म्हणाली, तर येते. मग नव्या हाडात पुन्हा संसार मांडेल."

पेशी गोलमटोल होती, अंबाडा एका बाजूला सरकल्यासारखी. तिने कॉफी बशीत ओतून घेतली, घराची चौकशी केली आणि उठली.

"बराय ताई, ये…"

"थांबा!" हे ओरडले. ती दचकून पुन्हा बसली.

मी तिला डॉक्टरांचं म्हणणं समजावून सांगितलं. ती ओशाळली.

"भरल्या घरातून निघताना 'जाते' कसं म्हणू, ताई? तुमच्याच हाडांत वाढले मी. वळण तुमचंच."

वळण माझंच होतं.

"माझ्या मनात काही नाही हो," ती म्हणाली. "पण जीभ वळत नाही. बघते हं. जा… जा… जायफळ घातलं होतं ना कॉफीत?"

"घातलं होतं," मी म्हणाले. मला भीती वाटत होती आणि तिची दयाही येत होती. ती पुन्हा उठली. ओठ हलायला लागले. काय निघणार ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

आमचे हे म्हणजे दारावर आलेल्या विक्रेत्यालाही पाणी देऊन "पुढच्या वेळी नक्की घेऊ" म्हणणारे गृहस्थ. ते उभे राहिले. हात जोडलेलेच होते.

"चालती हो," ते म्हणाले. मग आणखी मोठ्याने, "पुन्हा या दारात दिसलीस तर…"

पुढचं त्यांना येईना. आयुष्यात कधी म्हटलंच नव्हतं.

पेशीचा चेहरा सैल झाला. "बरं केलंत, भाऊजी. आता मला काही म्हणायला जागाच उरली नाही." आणि ती खरोखरच काही न म्हणता जिना उतरू लागली.

हे धावत गॅलरीत गेले. "सांभाळून! खालची पायरी फुटलीय!"

मी डॉक्टरांना फोन लावला.

"काय म्हणाली?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. ह्यांनी बोलूच दिलं नाही."

"चालतं तेही," त्या म्हणाल्या. "पथ्य सांभाळा."

हे आत येऊन पंख्याखाली बसले. पाहुण्याचा अपमान केला म्हणून डोळे पुसत होते. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

ह्यांनी माझ्यासाठी कधी दोन गोड शब्द काढले नाहीत, ही माझी लग्नापासूनची तक्रार. त्या दुपारी ती मी मागे घेतली. शब्द बरोबर दोनच होते.