ऑरिनची बॅटरी जाते कुठे

सलग सहाव्या सकाळी ऑरिन ट्वेटने बटण दाबलं आणि कॅम्परमधला दिवा लागला नाही. नळाच्या पंपाने कुरकुरही केली नाही. आणि ज्याची त्याला खरी धास्ती होती, तो फ्रीज गपगार पडला होता. आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा ऑरिनने फ्रीजच्या दारावर तळहात ठेवला, मग बाहेर येऊन ट्रकचं बॉनेट उघडलं. ट्रकच्या पाठीवरच्या त्या खोलीला इंजिनाकडून एक वायर येत होती. ती एकदा बघून घ्यावी, एवढाच त्याचा विचार होता.

तिथेच चुकलं. ॲरिझोनाच्या या वाळवंटात उत्तरेकडची निवृत्त मंडळी हिवाळाभर तळ ठोकून असतात, आणि इथे माणसाचं दार बंद असलं तर चार दिवस कुणी विचारपूस करत नाही. एकटेपणाचा मान राखतात. पण बॉनेट उघडलं, की पंचायत भरवल्यासारखंच आहे. बोलावणं लागत नाही. लोक आपापली घडीची खुर्ची, कॉफीचा मग आणि स्वतःचा वीज मोजायचा मीटर घेऊन हजर होतात.

पहिला आला डेल्बर्ट स्ट्राउड. तीस वर्षं जहाजांवर विजेची कामं केलेला, आणि तीस वर्षांत एकदाही न चुकलेला. निदान त्याचं तसं म्हणणं होतं. त्याच्यामागे आयडेला प्रुइट आली, काखेत एका डोळ्याने अधू असलेलं कुत्रं घेऊन. ती चार वर्षांपूर्वी विधवा झाली, घर विकलं आणि व्हॅनमध्ये राहायला लागली.

"काय झालं?" डेल्बर्टने खुर्ची उलगडत विचारलं.

"छतावरच्या पॅनलवरून दिवसभर सूर्य बॅटरी भरतो, रात्रीत रिकामी होते."

"गळती आहे. कुठेतरी ठिबकतंय. दुपारपर्यंत पकडतो चोराला."

"अरे, आधी त्याला कॉफी तरी पिऊ दे," आयडेला म्हणाली. "चेहरा बघ त्याचा. बॅटरीपेक्षा हाच जास्त उतरलाय."

ऑरिन हसला नाही. ऑक्टोबरपासून तो फारसा हसतच नव्हता. त्याची बायको मार्लिस ऑक्टोबरात गेली. उत्तर डकोटातल्या त्यांच्या घरी, उभं राहण्याची ताकद होती त्या शेवटच्या आठवड्यात तिने हॅम आणि पांढऱ्या वालांचं सूप एवढं मोठं पातेलंभर केलं आणि अकरा डब्यांत भरून गोठवलं. प्रत्येक झाकणावर चिकटपट्टी, पट्टीवर तारीख, आणि खाली तिच्या उजवीकडे झुकलेल्या अक्षरात: "ऑरिन, आधी चव बघ, मग मीठ घाल." पहिले सात डबे त्याने नोव्हेंबरात भूक लागली तसे खाऊन टाकले, कसलाही विचार न करता. आठव्याला हात घातला तेव्हा उरलेले मोजले, आणि हात मागे घेतला. ते चार डबे आता या फ्रीजमध्ये होते. बॅटरी पहाटे संपायची आणि ऊन चढेपर्यंत फ्रीज बंद राहायचा. सध्या डबे तग धरून होते, पण हवा तापू लागली होती.

हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. फक्त "फ्रीजमध्ये सामान आहे" एवढंच म्हणाला होता.

डेल्बर्टने एकेक फ्यूज काढून मीटर लावायला सुरुवात केली. तासाभराने कपाटाच्या मागे टीव्हीच्या अँटेनाचं एक विसरलेलं बटण सापडलं, त्यावर मोहरीएवढा हिरवा दिवा. हा दिवा किती वर्षं जळत होता देव जाणे. "सापडला!" डेल्बर्ट ओरडला. खुर्च्यांवरच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. एकाने बिस्किटं वाटली. दुसऱ्या सकाळी बॅटरी पुन्हा शून्यावर.

मग संशय गेला बाहेरच्या सामानकप्प्यातल्या दिव्यावर. दार लावल्यावर तो विझतो की नाही, यावर दोन तट पडले. ऑरिन म्हणाला, "विझतो." डेल्बर्ट म्हणाला, "तू आत बसून पाहिलंयस?" शेवटी डेल्बर्टने आपला फोन चित्रण चालू करून कप्प्यात ठेवला आणि दार लावलं. नंतर सगळ्यांनी मिळून अकरा मिनिटांचा काळोख शेवटपर्यंत बघितला. मधेच उठणं कुणालाच बरं वाटेना.

तिसऱ्या दिवशी उंदीर निघाले. म्हणजे दिसला एकही नाही, पण वाळवंटातले उंदीर वायरी कुरतडतात हे इथे पोराटोरांनाही ठाऊक आहे. उंदराला अंधारी ऊबदार जागा लागते, म्हणून ट्रकचं बॉनेट चोवीस तास उघडं ठेवायचं, असा उपाय ठरला. आता उघडं बॉनेट म्हणजे आमंत्रण. दुपारपर्यंत नऊ परके लोक गाड्या थांबवून उतरले. एकाने बॅटरी बदलायला सांगितली, दुसऱ्याने ट्रकच बदलायला सांगितला. तिसऱ्याने स्वतःच्या पाठदुखीची साद्यंत कथा सांगितली. ऑरिन सगळ्यांना "हो, हो" म्हणत उभा होता. त्याला दिवसभर आत जायलाच मिळालं नाही.

संध्याकाळी पाचला गर्दी पांगली आणि तो आत गेला. फ्रीजचा आवाज नव्हता. ऊन असून, बॅटरी भरलेली असून आवाज नव्हता.

"डेल्बर्ट!"

डेल्बर्टने चष्म्यासाठी शर्टाचा खिसा चाचपला आणि त्याचा चेहरा पडला. खिशात फ्रीजचा फ्यूज होता. सकाळी दहाला कुणा पाहुण्याला काहीतरी सिद्ध करून दाखवताना काढलेला.

तीन डबे अजून दगड होते. दाराजवळचा चौथा पार वितळला होता. ऑरिनने तो दोन्ही हातांत धरला आणि पायरीवर बसला.

"अरे, सूपच आहे ना?" डेल्बर्ट म्हणाला. "मी तुला नवं आणून देतो. दहा डबे आणतो."

"मार्लिसने केलंय," ऑरिन म्हणाला. "शेवटचं."

डेल्बर्टने टोपी काढली. ती कुठे ठेवावी हे त्याला कळेना, म्हणून पुन्हा घातली.

वितळलेलं परत गोठवून उपयोग नव्हता. आयडेलानेच ते शेगडीवर ठेवलं आणि तीन वाट्यांत वाढलं. सूप खारट होतं. नुसतं खारट नाही, समुद्र आटवल्यासारखं. त्यात वालही कच्चे राहिले होते. डेल्बर्टने जहाजावरचं सगळं धैर्य एकवटून घास गिळला.

"छान आहे," तो म्हणाला.

"खोटं बोलू नकोस," ऑरिन म्हणाला. "एक्केचाळीस वर्षं तिला सांगत आलो, मीठ कमी घाल. म्हणून तर तिने झाकणावर लिहिलं. मला टोमणा मारून गेली बघ." आणि तो हसायला लागला, आणि हसता हसता रडायला लागला, आणि तशीच वाटी पुसून खाल्ली. आयडेलाने स्वतःची वाटीही त्याच्याकडे सरकवली. त्याने तीही संपवली.

दुसऱ्या दिवशी आयडेलाने आपल्या व्हॅनमधलं एक छोटं यंत्र काढून आणलं. बॅटरीत किती आलं, किती गेलं, मिनिटामिनिटाची नोंद ते ठेवायचं आणि फोनवर रेघ काढून दाखवायचं. "उरलेले तीन डबे वाचायला हवेत," ती म्हणाली. "आता अंदाज बास झाले." डेल्बर्टने मुकाट्याने ते जोडलं. त्या दिवशी तो कुणालाही काही सिद्ध करून दाखवत नव्हता.

त्याच्या पुढच्या सकाळी बॅटरी शून्यावर होतीच. तिघे फोनभोवती जमले.

"हे बघ," डेल्बर्ट म्हणाला. "संध्याकाळी सातपासून पहाटे चारपर्यंत फ्रीजचा कॉम्प्रेसर थांबलेलाच नाही. गार करतो, पुन्हा गरम होतं, पुन्हा धावतो. आणि मधेमधे हे बारीक टोक दिसतंय? हा फ्रीजच्या आतला दिवा. दार उघडल्याशिवाय तो लागत नाही." त्याने बोटाने मोजलं. "एकतीस वेळा. एका रात्रीत एकतीस वेळा दार उघडलंय. आता उंदराला काही फ्रीजचं दार..."

तो थांबला. ऑरिनचे कान लाल झाले होते.

"घट्ट आहेत का ते बघतो," ऑरिन म्हणाला.

"एकतीस वेळा?"

"झोप लागत नाही. वाटतं, बॅटरी उतरली असेल, डबे मऊ पडले असतील. म्हणून उठतो."

"अरे शहाण्या, तू उठतोस म्हणूनच तर ती..." आयडेलाने डेल्बर्टच्या पायावर पाय दिला. चांगला जोरात.

"नुसते हात लावून बघत नाही," ऑरिन जमिनीकडे बघत म्हणाला. "दिवा लागला की तिचं अक्षर दिसतं. घरातलं बाकी सगळं मुलीने आवरून टाकलं. चांगल्या मनाने आवरलं, तिचा दोष नाही. पण आता तिच्या हातचं लिहिलेलं तेवढंच राहिलंय."

फोन कुणी उचलला नाही की वाजणारा नवऱ्याच्या आवाजातला निरोप ऐकायला आयडेलाने दोन वर्षं त्याच्या फोनचं बिल भरलं होतं. हे तिनेही कुणाला सांगितलं नव्हतं, आणि तेव्हाही सांगितलं नाही.

डेल्बर्ट उठला आणि खुर्ची तिथेच टाकून चालता झाला. दुपारी तो परत आला तो ढकलगाडीवर स्वतःच्या कॅम्परमधली एक बॅटरी आणि एक सोलर पॅनल घालून. कुणाशी न बोलता त्याने दोन तास काम केलं. जुन्या बॅटरीशेजारी दुसरी बसवली, छतावर पॅनल आवळलं, वायरी जोडल्या, आणि मग हात पुसत खाली आला.

"तुझ्या बॅटरीचा एक कप्पा खराब होता," तो म्हणाला. "म्हणून उतरत होती. बाकी काही नाही."

"मी तीनदा तपासली होती," ऑरिन म्हणाला. "चांगली होती."

"जहाजांवर तीस वर्षं कोण होतं, तू का मी?"

"तू."

"मग खराब होती."

ऑरिनने दोन्ही बॅटऱ्यांकडे पाहिलं, मग डेल्बर्टकडे. "पुरेल का रे एवढी?" त्याने शेवटी विचारलं.

"रात्रीत चाळीस वेळा दार उघडलंस तरी," डेल्बर्ट खुर्चीची घडी घालत म्हणाला. "मी नीट मांडून बघितलंय. त्याहून जास्त लागलं तर संकोच करू नकोस, आणखी एक बसवू."