निंगव्वांनी टायगररावांस जेवू घातले त्याची हकीकत

श्रीसिद्धरामेश्वर समर्थ. मुक्काम सोलापूर, शुक्रवार पेठ, शके अठराशे सत्याण्णव, राक्षसनाम संवत्सर, वैशाखमास. ते समयी ऊन ऐसे की माळवदावर पाय ठरेना, आणि लग्नांची ऐन धामधूम. त्या दिवसांत निंगव्वा यांनी परक्यांची जनावरे सांभाळण्याचा जो कारखाना मांडिला, त्यावर जे अरिष्ट गुदरले, आणि त्यांतून फत्ते कैशी जाहली, ते इमाने लिहिले आहे. थोर थोर लढायांच्या बखरी लिहिणारे पुष्कळ. एका कुत्र्याने भाकरी खाल्ली याची बखर लिहावयास कोणी पुढे येईना, सबब आम्हीच बसलो. वाचणाऱ्यास हसू आल्यास हसावे, परंतु मधे बोलू नये.

पेशजी निंगव्वांचे यजमान गुरुबसप्पा लिंगैक्य जाहले, आणि पुढे पोटाचे कैसे हा विचार पडला, तो अक्कलकोटाहून बंधूंचा निरोप आला की, आमचे घरी येऊन राहावे. बंधू म्हणजे गरीब गाय. परंतु वहिनीसाहेब ऐशा करारी की, नणंद जेवावयास बसली म्हणजे तिच्या ताटातील भाकऱ्या मोठ्याने मोजीत आणि उरलेल्या झाकून वर पाटा ठेवीत. तेथे जाणे म्हणजे जन्मकैद, हे निंगव्वा जाणून होत्या. इतक्यात शेजारचे लोक गाणगापुरास जाताना राघूचा पिंजरा निंगव्वांचे ओसरीवर ठेवून गेले, आणि परत येऊन पाहतात तो राघू गुबगुबीत होऊन कानडीत शिव्या देतो आहे. ते संतोष पावले आणि खण देऊन गेले. मग निंगव्वांनी ताडले की, लोक गावास जातात, जनावरे मागे राहतात, आणि लोकांचा जीव जनावरांत अडकून राहतो, तर हाच आपला मुलूख. लागलीच दारावर कोळशाने लिहविले की, पाळीव जनावरे घरच्यासारखी सांभाळून मिळतील. समोरच्या काशम्मांनी ते कोणाकडून वाचवून घेतले आणि उभ्या बोळास ऐकू जाईल ऐसे फर्मान काढिले की, "मानसाला मानूस सांभाळंना, आन ही कुत्री सांभाळनार म्हनं."

तथापि कारखाना चालला. एक शेळी आली, दोन मांजरे आली, नवी पेठेतील एका कापडवाल्याचे कासव आले, आणि सर्वांचा परामर्श यथास्थित होऊ लागला. ऐशा समयी गिरणीतील जॉबर, म्हणजे कामगारांवरील मुकादम, आबासाहेब हे खासे आपला कुत्रा घेऊन दाखल जाहले. गिरणीचा बॉयलर बिघडून काम बंद होते, आणि ती संधी साधून ते सहकुटुंब पुतण्याच्या लग्नास बार्शीस कूच करीत होते. कुत्र्याचे नाव टायगर. अंगाने धिप्पाड, मुद्रा करडी, सबब आम्ही त्यांस टायगरराव म्हणतो. आबासाहेबांची गिरणीत एवढी जरब की, ज्याच्या नावावर फुली मारतील त्यास कोणी कामावर उभे करीत नसे. त्यांनी साखळी निंगव्वांचे हाती दिली आणि हुकूम केला, "काय बी खातंय, लई गुनी हाय. पर वाळलेलं दिसलं, तर उभ्या सोलापुरात तुमच्या दारात कुनाची शेळी बी यायची न्हाय, हे ध्यानात धरा." येणेप्रमाणे निंगव्वांचा सगळा भविष्यकाळ त्या कुत्र्याच्या पोटात जाऊन बसला.

आणि टायगररावांनी अन्नास तोंड लावणे सोडिले. निंगव्वांनी प्रथम दूध-भाकरी रुजू केली, तिकडे त्यांनी पाठ केली. मग शेंगाचटणी आणि तूप घालून भाकरी कुस्करली, ती शेळीने लांबविली. मग खास सणाची हुग्गी, म्हणजे गव्हाची गोड खीर, शिजविली आणि "बारो, ऊटा माडो", म्हणजे ये रे, जेव रे, म्हणून कानडीत मिनतवारी केली, तेव्हा शेजारच्या राघूने दोन शिव्या दिल्या, परंतु राव ढळले नाहीत. दुपार कलू लागली म्हणजे अंगणात येत, गिरणीच्या धुराड्याकडे तोंड करून कान उभे करीत, बराच वेळ बसत, आणि मग मोठा सुस्कारा टाकून कोपऱ्यात जाऊन पडत. रात्री दोन घास चाटीत, तेवढ्यावर जीव धरून होते. बरगड्या दिसू लागल्या. आणि अक्कलकोटचा पाटा निंगव्वांच्या डोळ्यांसमोरून हलेना.

त्यांत एके दुपारी काशम्मा नळापाशी रिकामा हंडा आपटून गिरणीच्या सात पिढ्या उद्धरीत होत्या. कारण ऐसे जे, पाळी बदलण्याचा भोंगा होई आणि त्याचे मागोमाग पेठेत नळाला पाणी येई. आता भोंगाच नाही, तर पाणी केव्हा आले आणि केव्हा गेले, कोणास पत्ता नाही. "भोंग्याबिगर दिस कळंना झालाय," ऐसे त्या म्हणाल्या. हे शब्द कानी पडले, आणि निंगव्वांनी हातातील परात खाली ठेविली. भोंगा होतो, आबासाहेब पाळीवरून घरी येतात, ताट वाढले जाते, आणि कुत्रा त्यांचेबरोबर जेवतो. भोंगा नाही, सबब राव अद्यापि जेवणाची वेळ होण्याची वाट पाहत बसले आहेत. आबासाहेबांनी हे सांगितले नाही म्हणून त्यांस बोल लावू नये. सोलापुरात भोंगा वाजतो हे कोणी कोणास सांगत नाही. सूर्य उगवतो हे तरी कोण सांगतो.

मग निंगव्वांनी भोंगा आणविण्याचा मनसुबा केला. पहिल्याने देव्हाऱ्यातील शंख फुंकिला, तो रावांनी कीव आल्यासारखे पाहिले. मग गल्लीच्या टोकास राहणारे बाळासो, जे लग्नाच्या बँडातील सर्वांत थोर पितळी बाजा वाजवीत, जो गळ्यात न घालता अंगातच घालावा लागतो, त्यांस पाचारण केले. बाळासोंनी आपली करामत दाखविण्यास वरातीची चाल धरिली, तेव्हा राव आकाशाकडे मान करून रडले आणि कासव आत गेले. निंगव्वांनी ताकीद केली, "चाल नगं बाळासो. खालनं वर न्या, आन एकच सूर धरा. सुंदर वाजवायचं न्हाई." कलावंतास हे जिव्हारी लागले, परंतु हुग्गीची परात पाहून त्यांनी राग गिळिला. दुसरे दिवशी ते माळवदावर चढले, आणि खाली रावांचे कान उभे राहताच निंगव्वांनी पदर हलवून इशारत केली. बाळासोंनी छाती भरून घेतली, आणि ऐसा भोंगा केला की पत्र्याची डबडी थरथरली. टायगरराव उठले, शेपूट हालविली, आणि परातीवर तुटून पडले. निंगव्वांचे डोळ्यांस पाणी आले, ते त्यांनी पुसले नाही.

इकडे शहरात एकच गर्दी जाहली. बॉयलर सुरू जाहला ऐसे समजून लोक डबे घेऊन गिरणीकडे धावले. कोणी अर्धी दाढी करून, कोणी लेकाची चप्पल घालून. बार्शीच्या मोटारीतून उतरते आबासाहेब पेटी डोक्यावर घेऊन तसेच सुटले. गिरणीच्या पहारेकऱ्याने हा जमाव पाहून दरवाजा लावला आणि कडीस आपण लोंबकळला. तरी भोंगा थांबेना, कारण बाळासोंस थांबा म्हणावयाचे कोणास सुचले नव्हते. मग आवाजाचा माग काढीत सर्व फौज शुक्रवार पेठेत आली, आणि निंगव्वांचे घरास वेढा पडला. अग्रभागी आबासाहेब, घामाने निथळत, हाती लग्नाच्या बुंदीची पिशवी. त्यांनी जाब विचारावयास तोंड उघडिले, तो टायगरराव परात चाटून त्यांचे अंगावर झेपावले. आबासाहेबांचा हात रावांच्या बरगड्यांवरून फिरला आणि थांबला. "वाळलंय की," ऐसे म्हणाले.

निंगव्वा म्हणाल्या, "व्हय, वाळलंय. खोटं न्हाई बोलत. तुमच्या भोंग्यापायी उपाशी व्हतं, म्हनून भोंगा आनला." तेव्हा गर्दी फोडून काशम्मा पुढे आल्या. आता ही घाव घालणार ऐसे सर्वांस वाटले. काशम्मा वदल्या की, "आज माझं दोन्ही हंडं भरलं. बॉयलर नीट हुईस्तवर हा बाजा रोज वाजला पायजे, न्हाईतर मी बघून घीन एकेकाला." बायांनी रुकार दिला, आणि बायांपुढे गिरणीवाल्यांचे काही चालले नाही. आबासाहेबांनी बुंदीची पिशवी निंगव्वांचे हाती ठेविली, आणि तहावर हाच शिक्का समजावा.

पुढे बॉयलर दुरुस्त जाहला आणि खरा भोंगा वाजला. टायगररावांनी घरी बसून तो ऐकिला आणि मान फिरविली. रोज दुपारी ते साखळीसुद्धा शुक्रवार पेठेत येत, आणि मागून आबासाहेब आपला डबा घेऊन. बाळासोंनी एक फुंकर मारावी, मग दोघांनी ओसरीवर जेवावे, ऐसा शिरस्ता पडला. जॉबर ज्या दारात जेवतो ते दार सर्वांस ठावके जाहले, आणि निंगव्वांचे अंगणात जनावर मावेना.

आषाढ लागता अक्कलकोटाहून बंधू आले. न्यावयास नव्हे, वहिनीसाहेब माहेरी निघाल्या होत्या, त्यांचे मांजर ठेवावयास आले. निंगव्वांनी ते पदरी घेतले, ताटलीत दूध-भाकरी वाढली, ते संपवून मांजराने वर पाहिले, आणखी वाढली, पुन्हा पाहिले, पुन्हा वाढली. किती वाढली हे या बखरीत नमूद नाही, कारण त्या घरी कोणी मोजली नाही. येणेप्रमाणे फत्ते जाहली, ती लिहून ठेविली.