तारनाक्याचं गलबत

दिगूकाका चहा उभ्याने पितात. पाय फाकवून, एका हाताने खिडकीचा गज घट्ट धरून. जन्मभर मालगाडीच्या शेवटच्या डब्यात गार्ड म्हणून उभा राहिलेला हा माणूस. आपलं घर हलत नाही, यावर त्यांचा अजून विश्वास बसलेला नाही.

"बसा ना काका," मी सुरुवातीला म्हणायची.

"उगं बसून काय करू? माणूस गंजतो." की निघाले अंगणात. अंगणातून जिन्यात, जिन्यातून परत अंगणात.

अंगणात त्यांची बोट आहे. समुद्र इथून रात्रभराच्या प्रवासावर, आणि शिडाची बोट मात्र हैदराबादेत, तारनाक्याला, आमच्या अंगणात लाकडी ठोकळ्यांवर चढून बसलेली. काकीनाडा बंदरातल्या कुणा हौशी माणसाने विकायला काढली, काकांनी ट्रकवर घालून आणली. तेव्हापासून माझी स्कूटी रस्त्यावर उभी असते. मी वरच्या मजल्यावरची भाडेकरू, नोकरीसाठी पुण्याहून आलेली. पार्किंगवरून न भांडलेली पुणेकरीण म्हणून माझा सत्कार व्हायला हवा.

बोट ठाकठीक करायची, आत संसार थाटायचा आणि नलूकाकूंना घेऊन समुद्रावर राहायला जायचं, हा काकांचा बेत. छतावर सोलर बसला. बेगम बाजारातून डबे आले, लाटेने ते पडू नयेत म्हणून फळीला पुढून पट्टी लागली. मग आली झुलती शेगडी. बोट कितीही कलली तरी वरचं पातेलं म्हणे सपाट राहतं. मला मुद्दाम बोलावून काकांनी शेगडीला जोरात धक्का दिला.

"बघ, थेंब तरी सांडला का?"

सगळं दूध माझ्या ओढणीवर होतं.

नलूकाकूंची तपासणी याहून कडक. पदर खोचून त्या शिडीवर चढायच्या आणि आतून निकाल द्यायच्या. "ओटा बुटका आहे. माझी कंबर मोडेल." काकांनी ओटा वर घेतला. "आता हात पोचत नाही." ओटा खाली आला. देव कुठे ठेवायचे म्हणाल्या, तर काकांनी कठडा असलेला देव्हारा केला.

"देवांचं तोंड दक्षिणेला होतंय."

"अगं, बोट वळली की देवांचं तोंडही वळेल!"

"मग तर नक्कोच!"

असं चाललेलं असताना एका मंगळवारी काका मला जिन्यात म्हणाले, "झालं सगळं. परवा निघतो, हौ."

मी ते मनावर घेतलं. कितीही झालं तरी शेजारी. गुरुवारी भल्या पहाटे उठून दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली, आणि वाटीत दही-साखर घेऊन खाली गेले.

"हे काय गं?"

"आज निघताय ना? परवा म्हणालात."

काकांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "परवा बोललो मी. आज कुठं बोललो?"

हैदराबादी मराठीत परवा म्हणजे काल, आज आणि उद्या सोडून कुठलाही दिवस, हे मला तेव्हा कळलं. "परवाच रिटायर झालो" असं ते नेहमी म्हणायचे. त्या परव्याला कित्येक वर्षं झाली होती!

मी हसणार, तेवढ्यात दारात उभ्या असलेल्या काकूंकडे लक्ष गेलं. त्यांची नजर दह्याच्या वाटीवर होती आणि चेहरा पांढराफटक.

"मला न सांगता निघालात?"

उत्तराला न थांबता त्या शिडी चढून बोटीत गेल्या. आतून आवाज आला, "या दाराची कडी लागत नाही. असली बोट पाण्यात घालता?"

आवाज कापत होता. मग कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बोटीत खोट आहे तोवर हा माणूस घरी आहे. ज्या दिवशी खोट काढता येणार नाही, त्या दिवशी तो निघाला, ती आली नाही तरी. आयुष्यभर एकटीने जेवलेली बाई दुसरं करणार तरी काय? मला काकूंसाठी फार वाईट वाटलं, आणि काकांचा असा राग आला की चार शब्द सुनावायचेच, असं ठरवलं.

दुपारी काका एकटेच बोटीत होते. मी तावातावाने शिडी चढले. ते पाठमोरे उभे राहून कडी लावून बघत होते. कडी झक्क बसली. मग त्यांनी पेचकस घेतला आणि तिचा स्क्रू हळूच ढिला केला.

"काका! लागत होती की!"

ते दचकले. "हळू बोल, बाई. लागली तर तुझी काकू बोलंल काय मग?"

मी आत येऊन फळीवर टेकले.

"ड्यूटीवरून यायचो, जेवण तयार. जायचो, डबा तयार. उभ्या नोकरीत तिनं एक तक्रार केली नाही. करायला मी असायचो कुठं?" काका पेचकस हातात फिरवत होते. "आता सकाळपासून बोलते. माझ्याशी बोलते. लै बरं वाटतं गं."

"आणि समुद्र?"

"जायचं तर होतं," ते म्हणाले, आणि पेचकस खिशात टाकला.

खालून काकूंनी हाक मारली, "अहो, लागली का कडी?"

"नाही लागत!" काका खुशीत ओरडले. "ये, तूच बघ!"